युजीन सँडोचे डंबेल्स बाजूला ठेवले आणि अख्ख्या संस्थानाला सूर्यनमस्कार घालायला लावले, असा होता औंधचा राजा

जिममध्ये जाणाऱ्या प्रत्येकाला एक गडी माहिती असतो. छाती पुढे, दंड फुगलेले, टीशर्ट एक साइज कमी. पण तोच गडी शॉर्ट्स घालून आला की समजतं, पायांचा दिवस त्याने वर्षभर चुकवलाय. वरून पहिलवान आणि खालून बगळा.

बॉडीबिल्डिंगमध्ये खरा मान असतो तो मापात बसलेल्या शरीराला. छाती, पाठ, पोट, मांड्या, पोटऱ्या सगळं एकमेकांना शोभलं पाहिजे. मराठीत यालाच शरीरसौष्ठव म्हणतात. सौष्ठव म्हणजे नुसता आकार नाही, प्रमाणही.

आता हे प्रमाण मिळवायचं कसं, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाला पडला होता. त्याच्याकडे पैसा होता, वेळ होता आणि त्या काळातली जगातली सगळ्यात नावाजलेली व्यायामाची साधनं होती. दहा वर्षं त्याने ती नेमाने वापरली. आणि मग ती बाजूला ठेवून तो सतरंजीएवढ्या जागेत होणाऱ्या एका जुन्या व्यायामाकडे वळला.

तो माणूस म्हणजे औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजेच बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

पुण्यातलं औंध नाही, साताऱ्याचं औंध

पुणेकरांचा इथे गोंधळ होतो. औंध म्हटलं की परिहार चौक आणि युनिव्हर्सिटी रोडचं ट्रॅफिक आठवतं. पण हे औंध सातारा जिल्ह्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं. तिथे पंतप्रतिनिधी घराण्याचं संस्थान होतं. संस्थान कसलं, बहात्तर गावं, आणि तीही सलग नाहीत. काही औंधजवळ, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे, तर काही थेट विजापूरच्या बाजूला.

या घराण्यात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी भवानरावांचा जन्म झाला. कॉलेजसाठी ते पुण्यात आले आणि डेक्कन कॉलेजमधून बी.ए. झाले. त्या काळातल्या संस्थानिकांच्या पोरांमध्ये पदवीपर्यंत शिकणारे कमीच.

पण त्यांची ओळख फक्त शिकलेला राजा एवढीच नव्हती. ते चित्रं काढायचे. १९१६ मध्ये त्यांच्या चित्रांचं चित्ररामायण छापून आलं. अजिंठा आणि वेरूळवर त्यांनी पुस्तकं लिहिली. एवढंच नाही, तर हा राजा उभं राहून कीर्तनही करायचा.

चित्रकाराचा मुद्दा लक्षात ठेवा. माणसाचं चित्र काढणाऱ्याला शरीर मापात बघायची सवय असते. आपल्या शिल्पशास्त्रात तर चेहऱ्याची लांबी हे माप धरून त्याच्या पटीत अख्खी मूर्ती ठरवतात. चेहऱ्याच्या नऊपट उंची असेल तर ती नवताल मूर्ती. भवानराव याच परंपरेतली चित्रं आणि लेणी बघत, अभ्यासत होते. आणि त्याच काळात युरोपात एक माणूस आपलं शरीरच मूर्तीसारखं घडवून स्टेजवर उभा राहत होता.

सँडो नावाचं वेड

त्याचं नाव युजीन सँडो. १८६७ मध्ये प्रशियातल्या कोनिग्सबर्गला जन्मलेला, म्हणजे भवानरावांपेक्षा एका वर्षाने मोठा. सुरुवातीला तोही इतर ताकदवान माणसांसारखा वजनं उचलून दाखवायचा. मात्र लोक त्याने किती किलो उचललं यापेक्षा तो दिसतो कसा, हे बघायला येऊ लागले. सँडोने ते ओळखलं. अंगाला पावडर लावून तो ग्रीक पुतळ्यांच्या पोझमध्ये उभा राहायला लागला. त्याचे फोटो जगभर विकले गेले.

१९०१ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. आजच्या बॉडीबिल्डिंग स्पर्धांची ही आजी म्हणायला हरकत नाही. परीक्षकांमध्ये सँडोच्या जोडीला एक शिल्पकार होता आणि दुसरा होता शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल. महत्त्वाचं म्हणजे मार्क फक्त मोठ्या स्नायूंना नव्हते. शरीराची वाढ सगळीकडे सारखी आहे का, स्नायूंचा कस कसा आहे, तब्येत आणि त्वचा कशी आहे, हेही बघितलं गेलं. म्हणजे बगळ्याचे पाय तिथेही बाद झाले असते.

सँडो धंद्यातही पक्का होता. पुस्तकं, मासिक, डंबेल्स, भिंतीला अडकवून ओढायचं रबरी दोऱ्यांचं यंत्र, सगळं तो पोस्टाने विकायचा. १८९७ मध्ये ताकद कशी मिळवावी यावरचं त्याचं पुस्तक आलं आणि ते जगभर गेलं.

त्याच १८९७ मध्ये भवानरावांनी सँडोची साधनं आणि पुस्तकं विकत घेतली. तेव्हा ते तिशीला टेकले होते. पुढची दहा वर्षं त्यांनी सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला. मधेच उत्साह संपला आणि डंबेल्स पलंगाखाली गेले, असं झालं नाही. दरम्यान १९०४-०५ मध्ये सँडो स्वतः भारताच्या दौऱ्यावर येऊन गेला आणि मुंबई-कलकत्त्यात त्याच्या खेळांना तुफान गर्दी झाली. म्हणजे तेव्हाच्या भारतात सँडो हा काही फक्त राजेलोकांचा नाद राहिला नव्हता.

मग १९०८ मध्ये काय झालं?

मिरज संस्थानचे बाळासाहेब पटवर्धन हे भवानरावांच्या ओळखीचे. एक बाळासाहेब औंधचे, एक मिरजेचे. मिरजेच्या बाळासाहेबांनी औंधच्या बाळासाहेबांना सुचवलं की सूर्यनमस्कार घालून बघा. १९०८ मध्ये भवानरावांनी ते मनावर घेतलं. तेव्हा त्यांचं वय चाळीशीला आलं होतं.

सूर्यनमस्कार काही त्यांनी शोधून काढलेले नाहीत आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. महाराष्ट्रात नमस्कार घालायची पद्धत जुनी. परंपरा त्याचं श्रेय समर्थ रामदासांना देते. तालमीत मारुतीसमोर जोर-बैठका मारणाऱ्यांनाही नमस्कार माहितीचे होते आणि घरात संध्या करणाऱ्यांनाही. पण कुणी कसे घालायचे, कुणी कसे. कुणासाठी तो व्यायाम होता, कुणासाठी पूजा.

भवानरावांनी काय केलं, तर या नमस्काराला सँडोसारखं शिस्तीत बसवलं. त्याच्या दहा स्थिती ठरवल्या. श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा ते ठरवलं. प्रत्येक नमस्काराला बीजमंत्र आणि सूर्याचं नाव जोडलं. रोज, ठरलेल्या वेळी, उपाशीपोटी आणि हळूहळू संख्या वाढवत. पुस्तक, फोटो, क्रमवार सूचना हा सगळा थाट सँडोच्या पुस्तकांसारखाच होता. थोडक्यात काय, तर साधनं गेली, पण सँडोकडून आलेली शिस्त राहिली.

दहा स्थितींत शरीरात काय काय होतं?

औंध पद्धतीचा नमस्कार आज योगा क्लासमध्ये दिसणाऱ्या बारा स्थितींपेक्षा थोडा वेगळा. सुरुवातीला मागे वाकणं नाही.

पहिल्या स्थितीत सरळ उभं राहून हात जोडायचे. दुसऱ्यात गुडघे न वाकवता खाली वाकून तळहात जमिनीला टेकायचे. इथे मांडीच्या मागची शीर आणि कंबर ताणली जाते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचं सगळ्यात जास्त इथेच अडतं.

तिसऱ्यात एक पाय मागे, चौथ्यात दुसराही मागे. आता शरीर डोक्यापासून टाचेपर्यंत एका रेषेत. जिमची भाषा वापरायची तर हा प्लँक. पोट, कंबर, खांदे सगळे कामाला लागतात.

पाचवी स्थिती म्हणजे साष्टांग. दोन तळहात, दोन पावलं, दोन गुडघे, छाती आणि कपाळ असे आठ भाग जमिनीला टेकतात. शरीर सावरत खाली आणताना छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाचा मागचा स्नायू यांच्यावर भार येतो. सहाव्यात छाती वर उचलून पाठीची कमान करायची. सातव्यात कंबर वर, टाचा जमिनीकडे, म्हणजे पोटऱ्या आणि खांदे ताणले जातात. आठवी आणि नववी म्हणजे एकेक पाय पुढे आणणं आणि दहावीला परत उभं राहणं. सगळ्यात गंमत म्हणजे दुसऱ्या स्थितीत टेकलेले तळहात नवव्या स्थितीपर्यंत जागचे हलवायचे नाहीत. त्यामुळे पाय पुढे आणताना पोट आणि मांड्यांना फसवता येत नाही.

डंबेल घेऊन दंड फुगवताना बाकीचं शरीर सुट्टीवर असतं. इथे एकाही भागाला सुट्टी नाही. भवानरावांचा मुद्दा हाच होता. सगळ्या शरीराला एकाच वेळी काम द्या, म्हणजे वाढ एकांगी होणार नाही. आणि दुसरा मुद्दा त्याहून मोठा होता. याला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही, जोडीदार लागत नाही, आखाडा लागत नाही. सँडोची साधनं राजा विकत घेऊ शकत होता. आटपाडीच्या माणदेशात दुष्काळाशी झगडणारा शेतकरी ती कुठून आणणार?

राजा झाले आणि शाळा कामाला लागल्या

१९०९ मध्ये भवानराव औंधच्या गादीवर बसले. आता स्वतःपुरता व्यायाम करणारा माणूस राज्य चालवत होता. त्यांनी संस्थानच्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले. फक्त मुलांना नाही, मुलींनाही.

मुलींचा भाग साधा नव्हता. बाईने व्यायाम करणं म्हणजे चारचौघांत हसं, असा तो काळ. भवानरावांच्या घरात राणीसाहेबही नमस्कार घालायच्या आणि बायकांनी नमस्कार घालावेत हे ते उघडपणे लिहायचे आणि सांगायचे. कीर्तनासाठी लोकांसमोर उभं राहायची सवय असलेला राजा व्यायामाचा प्रचार करायला लाजणार तरी कशाला?

मराठीत पुस्तक झालं, १९२८ मध्ये इंग्रजीतही आलं. साधारण याच काळात पुण्यात व्यायामाचं वारं जोरात होतं. १९२४ मध्ये शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ सुरू केलं. जुन्या तालमी होत्याच. औंधचा राजा एकटाच काही वेगळं बोलत होता असं नाही. पण शाळेच्या वेळापत्रकात एखादा व्यायाम बसवायची ताकद तालमीच्या वस्तादाकडे नव्हती, ती राजाकडे होती.

आणि इथेच एक अडचणीचा प्रश्नही आहे. राजाने सांगितलं म्हणून घातलेला नमस्कार हा व्यायाम की हुकूम? शिवाय त्याला मंत्र जोडलेले. शाळेत सूर्यनमस्कार सक्तीचे असावेत का, यावरून आजही देशात वाद होतात. २०१६ मध्ये मुंबई महापालिकेतही तो झाला. या वादाची मुळं शोधायला गेलं तर औंधच्या शाळांपर्यंत जावं लागतं.

लंडनच्या पेपरात औंधचा राजा

१९३६ मध्ये भवानराव युरोपच्या दौऱ्यावर गेले. तेव्हा लंडनच्या न्यूज क्रॉनिकल या पेपरच्या पत्रकार लुईस मॉर्गन यांनी त्यांची मुलाखत घेतली. सदुसष्ट वर्षांचा सडसडीत, ताठ राजा आणि त्याच्या सोबत तरतरीत राणीसाहेब. मॉर्गनबाईंनी त्यावर लेख लिहिले आणि इंग्लंडच्या घराघरांत हा प्रकार पोचला. पुढे १९३८ मध्ये मॉर्गन यांच्याच संपादनाखाली लंडनमधून राजांचं इंग्रजी पुस्तक निघालं. नावातच दहा टप्प्यांचा आरोग्यमार्ग असा अर्थ होता.

चाळीस वर्षांपूर्वी सँडोचं पुस्तक लंडनहून औंधला आलं होतं. आता औंधचं पुस्तक लंडनच्या दुकानात होतं.

भारतातही नमस्कार पसरत होते. बंगळुरूचे के. व्ही. अय्यर हे त्या काळातले नामांकित बॉडीबिल्डर. ग्रीक पुतळ्यासारख्या पोझमधले त्यांचे फोटो आजही बघण्यासारखे आहेत. त्यांनीही १९३७ मध्ये सूर्यनमस्कारावर पुस्तक काढलं. म्हणजे तेव्हा वजनं आणि नमस्कार यांचं भांडण नव्हतं. एकाच माणसाच्या दिनक्रमात दोन्ही मावत होतं.

राजांचं कुठे चुकलं?

भवानरावांचा नमस्कारावर इतका विश्वास की त्यांनी जवळपास प्रत्येक दुखण्यावर तो उपाय सांगितला. बीजमंत्रांच्या कंपनांनी शरीरातल्या अवयवांवर परिणाम होतो, असंही ते मांडायचे. या गोष्टींना आजच्या वैद्यकाचा आधार नाही. मधुमेह, हृदयरोग किंवा मणक्याचा त्रास असेल तर पुस्तक बघून नमस्कार सुरू करायचे नसतात, आधी डॉक्टरांना विचारायचं असतं.

सौष्ठवाच्या बाजूनेही एक जागा रिकामी राहते. नमस्कारात जमिनीला ढकलायचं काम भरपूर आहे, पण काही ओढायचं काम जवळजवळ नाही. त्यामुळे छाती आणि दंडाच्या मागच्या भागाला काम मिळतं, पण पाठीचे रुंद स्नायू आणि दंडाचा पुढचा भाग मागे राहतो. दुसरं म्हणजे स्नायू वाढायचे तर भार वाढत जावा लागतो. नमस्कारात भार आपल्याच वजनाचा, वाढते ती फक्त संख्या. संख्येने दम वाढतो, शरीर लवचिक राहतं, पण ठरावीक मर्यादेनंतर स्नायूंचा आकार फारसा वाढत नाही.

यावर उत्तरही मराठी मातीत होतंच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवं रूप दिलं, तो मल्लखांब. त्यात शरीर ओढून वर घेण्याचं काम भरपूर. दोरीचा मल्लखांब घ्या किंवा जिममधले पुल-अप्स आणि रोइंग घ्या, नमस्काराच्या जोडीला ओढायचा एखादा व्यायाम आला की राजांच्या हिशोबातली उणी जागा भरून निघते.

हुकूम देणाऱ्या राजाने हुकूमच सोडला

भवानरावांची गोष्ट नमस्कारावर संपत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं तेव्हा १९१० मध्ये कुंडलजवळचा माळ त्यांनीच दिला. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, त्यामागे भवानरावांची सूचना आणि एक लाख रुपये देण्याचं वचन होतं. त्यांच्या मनात सचित्र महाभारत होतं. ते काम पुढे एकोणीस खंडांचं झालं आणि १९६६ मध्ये पूर्ण झालं.

सगळ्यात मोठी गोष्ट १९३८ च्या शेवटी घडली. राजांनी जाहीर केलं की संस्थानाचा कारभार आता प्रजेकडे देणार. महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या मदतीने राज्यघटना तयार झाली. जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. गावांच्या पंचायती मतदानाने निवडून येऊ लागल्या. राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत या प्रयोगात पुढे होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली कैद्यांची वसाहत उभी राहिली. दो आँखें बारह हाथ हा व्ही. शांताराम यांचा सिनेमा त्यावरूनच सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच संस्थानातल्या माडगुळ्याचे.

शाळेतल्या पोरांना नमस्कार घालायला लावणारा राजा सत्तरीत पोचल्यावर हुकूम द्यायचा अधिकारच सोडून देतो, हे जरा विचित्र वाटेल. पण दोन्हीकडे धागा एकच दिसतो. व्यायामाला यंत्राची गरज पडू नये आणि गावाच्या कारभाराला राजाची.

१९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ रोजी भवानरावांचं निधन झालं. वय होतं ब्याऐंशी.

आज काय उरलंय?

औंधच्या डोंगरावर त्यांनी १९३८ मध्ये उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची चित्रं, हेन्री मूरचं शिल्प, आणि राजांनी हौसेने जमवलेलं बरंच काही. पुण्याहून सकाळी निघालं तर संध्याकाळपर्यंत बघून परत येता येतं.

तिकडे सँडोही विसरला गेलेला नाही. मिस्टर ऑलिम्पियाच्या विजेत्याला मिळणारी ट्रॉफी म्हणजे सँडोचाच ब्राँझचा पुतळा. जगातला सगळ्यात मोठा बॉडीबिल्डर दर वर्षी त्याला हातात घेऊन फोटो काढतो.

भवानरावांच्या नावाची ट्रॉफी नाही. पण रथसप्तमीला शाळेच्या मैदानावर रांगेत वाकणारी पोरं असोत किंवा न्यूयॉर्कच्या योगा स्टुडिओत मॅटवर घाम गाळणारे लोक, ते जे करतात त्याला शिस्तीत बसवून जगासमोर नेण्यात या राजाचा मोठा वाटा आहे.

तुम्हाला उद्यापासून सुरुवात करायची असेल तर राजांचा नियम सोपा आहे. पहिल्या दिवशी झेपतील तेवढेच घाला, पण दुसऱ्या दिवशी चुकवू नका. त्यांनी स्वतः सुरुवात केली तेव्हा ते चाळिशीला आले होते, हे लक्षात असू द्या. आणि हो, जिमला जात असाल तर पायांचा दिवस तेवढा चुकवू नका.